पुष्पकातली तिसरी जागा

शिकार आणि विमान या दोन गोष्टी एकत्र आणू नयेत, हे नाशिककराला वेगळे सांगावे लागत नाही. आमच्या पंचवटीत हा प्रयोग त्रेतायुगातच होऊन गेला आहे. घरातला कर्ता पुरुष सोन्याच्या हरणामागे रानात गेला, धाकटा त्याला शोधायला गेला, आणि मागे एक परकीय विमान विनापरवाना दारात येऊन उतरले. पुढचे रामायण सर्वांना ठाऊक आहे. विमानाला पक्षी आडवा आल्याची पहिली घटनाही आमच्याच जिल्ह्यातली. जटायू जिथे पडला ते टाकेद इगतपुरी तालुक्यात आहे, असे इकडचे लोक मानतात आणि श्रद्धेने दर्शनाला जातात.

एवढा इतिहास डोळ्यांसमोर असताना आम्ही तिघांनी आडरानातल्या शिकारीसाठी स्वस्तातले एखादे जुने विमान घ्यायचे ठरवले. याला आमची ही 'साठी बुद्धी नाठी' म्हणते. मला अडुसष्ट पूर्ण झाली आहेत, तेव्हा ती म्हण मला लागू नाही, हे मी तिला शांतपणे दाखवून दिले. त्यावर ती तितक्याच शांतपणे म्हणाली, "लागू होऊन आठ वर्षं झाली."

आम्ही तिघे म्हणजे मी, बापूसाहेब आणि नाना. मी बँकेतून निवृत्त झालेला, म्हणजे दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब बिनचूक ठेवणारा. बापूसाहेब शिकारी घराण्यातले. त्यांच्या आजोबांनी पेठ-सुरगाण्याच्या जंगलात काय काय मारले याची यादी ते सांगू लागले की त्या जंगलात झाडे तरी कशी उरली याचे नवल वाटते. त्यांच्या दिवाणखान्यात एक सांबराचे मुंडके आहे. शेजारी त्याचा सरकारी दाखला फ्रेम करून लावला आहे. सांबराचा एक काचेचा डोळा निखळल्यामुळे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला डोळा मारल्यासारखे दिसते. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि बापूसाहेबांची बंदूक विशीच्या आतच भिंतीला टेकली. हल्ली ते लांब नळीचा कॅमेरा घेऊन नांदूरमध्यमेश्वरला जातात आणि परत आल्यावर "आज दोन चक्रवाक टिपले" असे सांगतात. 'टिपणे' हे क्रियापद मराठीत बंदूक आणि कॅमेरा दोन्हींना चालते, म्हणून त्यांची घराणेशाही अजून टिकून आहे.

तिसरा नाना. नाना ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होता. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा तो कारखाना १९६४ साली उभा राहिला, नाना १९७५ साली तिथे लागला आणि ३८ वर्षे विमानांच्या अंगात रिव्हेटा मारून निवृत्त झाला. आधी मिग-२१, मग मिग-२७, शेवटी सुखोई. नानाचे वजन ५२ किलो. तो बोलतोही तेवढ्याच वजनाचे.

विमानाची कल्पना बापूसाहेबांची. त्यांचा पुतण्या अमेरिकेत असतो. त्याने पाठवलेल्या कुठल्याशा मासिकात त्यांनी अलास्कातल्या शिकाऱ्यांची हकिगत वाचली. तिकडे रस्ते कमी आणि रान अफाट, त्यामुळे साधा सुतार, गवंडीसुद्धा साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे कापडी पंखांचे विमान बाळगून असतो. मोठी, गुबगुबीत चाके लावायची, नदीकाठच्या वाळूवर उतरायचे, तंबू ठोकायचा आणि शिकार करायची. जुने आणि साधेसे विमान असेल तर ते तिकडच्या नव्या मोटारीच्या किमतीत मिळते.

"मोटारीच्या किमतीत!" बापूसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "आणि आपण काय घेतो? मोटार!"

मी म्हणालो, "अहो बापूसाहेब, पण वाळूवर उतरायला आधी नदीत वाळू लागते. आपल्याकडची वाळू ट्रकमध्ये बसून केव्हाच गावात उतरलेली असते."

"मैदानात उतरू."

"मैदान कुठे आहे? निफाड-दिंडोरीत जिकडे बघावं तिकडे द्राक्षांचे मांडव. तारांवर उतरणार आहात का?"

बापूसाहेबांना असल्या क्षुल्लक अडचणींत रस नसतो. त्यांनी मला एक दोनशे पानी वही आणायला सांगितली. वर 'विमान' असे लिहिले. त्याच्याखाली त्यांनी 'परवडणारे' असे लिहिले आणि त्या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. कामाची वाटणी झाली. स्वप्न बापूसाहेबांचे, हिशेब माझा आणि तांत्रिक सल्ला नानाचा.

वहीच्या पहिल्या पानावर आले पायपर कब. हळदीसारखे पिवळे, १९३८ ते १९४७ या काळात जवळजवळ वीस हजार बनलेले, दोन जागांचे. नवरदेवासारखे विमान. त्याचा पेट्रोलचा काटा म्हणजे टाकीतल्या बुचावर उभी केलेली एक तार, ती टाकीच्या झाकणातून बाहेर डोकावते. नाना हे ऐकून प्रथमच खुलला. "हे झकास," तो म्हणाला. "तार वर, पेट्रोल आहे. तार खाली, आपण खाली."

मी बँकेच्या सवयीने जमाखर्च मांडला. रिकामे विमान ३४५ किलोचे, आणि सगळे मिळून ५५० किलोच्या वर उचलायचे नाही. म्हणजे शिल्लक २०५ किलो. त्यातून पेट्रोलचे बत्तीस-तेहतीस वजा केले. बापूसाहेब ९४ किलो, मी ७१. राहिले सात-आठ किलो. त्यात कॅमेरा की बापूसाहेबांचा फराळाचा डबा, एवढाच प्रश्न उरला. बापूसाहेब बराच वेळ विचारात पडले होते. कॅमेरा हलका मिळतो का, हे त्यांनी पुतण्याला विचारून घ्यायचे ठरवले.

शिवाय कबमध्ये दोन जागा एकामागे एक, आणि एकटा वैमानिक असला तर तो मागच्या जागेवर बसतो. म्हणजे मी मागे बसून विमान हाकणार, आणि पुढे क्षितिजाच्या ठिकाणी बापूसाहेबांची मान. पुढचे विमान सुपर कब, १९४९ सालापासूनचे. हे अलास्कातल्या शिकाऱ्यांचे लाडके. १५० अश्वशक्तीचे घेतले तर ओझे बरेच जास्त उचलते. साहजिकच किंमतही उचलून धरते. त्या पानावर मी 'बघू' असा शेरा मारला. बँकेत कर्जाच्या अर्जावर नाही म्हणायचे असले की आम्ही असाच शेरा मारत असू.

मग कायद्याचे पान. खासगी वैमानिकाचा परवाना काढायला वयाची किमान १७ वर्षे पूर्ण लागतात. ही अट आम्ही तिघांनी मिळून बारा वेळा पूर्ण केली होती. नंतर ४० तासांचे उड्डाण, लेखी परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी. तपासणीचा विषय निघाल्यावर बापूसाहेबांनी एकदम जे. आर. डी. टाटांचा विषय काढला. टाटांनी १९३२ साली कराचीहून मुंबईला टपाल आणले, आणि बरोबर ५० वर्षांनी, १९८२ साली तेच उड्डाण पुन्हा केले. तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. "म्हणजे अजून सहा वर्षं आहेत माझ्याकडे," बापूसाहेब म्हणाले. टाटांनी त्याआधी पन्नासहून अधिक वर्षे विमान चालवले होते आणि बापूसाहेबांचा शेवटचा परवाना लुनाचा होता, हा तपशील मी वहीत घेतला नाही.

माझ्या घरी वेगळीच चौकशी सुरू झाली होती. अलास्कातला एक कायदा मी हिला कौतुकाने वाचून दाखवला होता. ज्या दिवशी विमानाने रानात गेलात त्या दिवशी मोठ्या जनावराची शिकार करायची नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तीन वाजल्यानंतर करायची. वरून जनावर हेरायचे आणि खाली उतरून मारायचे, हा अन्याय होऊ नये म्हणून.

"म्हणजे मुक्काम आला," ही म्हणाली. "म्हणजे पांघरुणं आली. रात्रीची गोळी आली. पहाटे तीनला तुम्ही उठता खरं, पण ते शिकारीसाठी नाही. आणि हे सगळं त्या सात किलोत बसणार आहे?"

हिने ते सात किलो कधी वाचले कोणास ठाऊक. घरातली कुठलीही वही तिच्यापासून लपून राहत नाही.

पुढच्या रविवारी मिसळ खाताना मी चार जागांच्या विमानाचे पान उघडले. सेस्ना १७०, १९४८ ते १९५६, पाच हजारांहून अधिक बनलेली. तीन माणसे बसून सामानालाही जागा. मला वाटले, प्रश्न सुटला. पण प्रश्न तिथेच सुरू झाला. चौथी जागा कोणाची? बापूसाहेबांच्या वहिनींनी, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतींनी, ती आपली गृहीत धरली. आमच्या हिने आपल्याला असल्या खटाऱ्यात पाऊल टाकायचे नाही असे जाहीर केले. मात्र वहिनी जाणार असतील तर विचार करावा लागेल, असेही सांगितले. दोन दिवसांत दोन घरांमधला वाटीभर साखरेचा व्यवहार बंद पडला. ज्या विमानाचा स्क्रूसुद्धा अजून घेतलेला नाही, त्याने शेजारधर्म मोडला. बापूसाहेबांनी सेस्नाचे पान फाडून टाकले. "दोन जागांचंच घेऊ," ते म्हणाले. "घरात शांतता राहील."

मग पुष्पक आले. नावाने चमकलात? आम्हीही चमकलो. बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलेले हे छोटे विमान २८ सप्टेंबर १९५८ रोजी पहिल्यांदा उडाले. वर पंख, ९० अश्वशक्तीचे इंजिन, शेजारी-शेजारी दोन जागा. अशी दीडशेच्या वर पुष्पके बनली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांतून पोरे त्यांच्यावर उडायला शिकली. स्वदेशी, म्हणजे जकात नाही, बोटीचे भाडे नाही. शेपटीवर व्हीटीने सुरू होणारी भारतीय अक्षरे आयतीच. बापूसाहेबांना वाटले ते बोरीबंदरचे व्हीटी, पण तेही त्यांना आवडले.

"आणि रामायणातलं पुष्पक!" बापूसाहेब भारावून म्हणाले. "कितीही माणसं बसली तरी एक जागा रिकामी राहायची."

"ह्यात दोनच बसतात," मी म्हणालो.

"दोन तर दोन. मी आणि तुम्ही. ठरलं."

नाना इतका वेळ पावाने रस्सा टिपत होता. तो म्हणाला, "मी पंखा फिरवीन."

आम्हाला कळेना. मग त्याने समजावून सांगितले. असल्या जुन्या विमानांपैकी कितीतरींना बटणाची चावी नसते. एकाने आत बसायचे, दुसऱ्याने पुढे उभे राहून हाताने पंख्याला झटका द्यायचा आणि चटकन मागे सरायचे. इंजिन धरले की विमान निघते. "म्हणजे तिसरा माणूस लागतोच," नाना म्हणाला. "खाली."

हे त्याने इतके सहज सांगितले की मी ते वहीत 'पंखा : नाना' असे लिहूनही टाकले. मग विचारायचे म्हणून विचारले, "नाना, तू विमानात शेवटचा कधी बसलास?"

"बसलो नाही."

"म्हणजे? ३८ वर्षं विमानं बनवलीस की!"

"ती एका माणसाची असत," नाना म्हणाला. "तो एक माणूस मी नव्हतो. पुढे सुखोई आली, तिच्यात दोघं बसायचे. तो दुसराही मी नव्हतो."

तक्रार म्हणून तो बोलत नव्हता. विमानाच्या पोटात शिरून त्याने दिवसच्या दिवस काढले होते, पण ते विमान जमिनीवर असताना. पुढे कधी सवड झाली नाही, मग बायकोचे आजारपण आले, मग बायकोच नव्हती, तेव्हा एकट्याने कुठे जायचे? २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला मिग-२१चा निरोप समारंभ झाला, तो आम्ही तिघांनी बापूसाहेबांच्या टीव्हीवर पाहिला होता. शेवटचे विमान उतरले तेव्हा नाना म्हणाला होता, "चला, आता तीही खाली आली." तेव्हा आम्ही त्याला नुसताच चहा दिला होता.

त्या रविवारी मिसळीचे पैसे बापूसाहेबांनी दिले. असे सहसा होत नाही.

सोमवारी सकाळी साडेसहाला बापूसाहेब माझ्या दारात. हातात वही. "तुमच्या हिशेबात चूक आहे," ते म्हणाले. "मी बसलो तर सात किलो उरतात. नाना बसला तर बेचाळीस किलो जास्त उरतात. शिकारीला जायचं तर वजनाचा विचार नको का करायला? शिकाऱ्याने वर काय करायचंय? शिकारी जमिनीवर असतो. आमच्या आजोबांनी कधी विमानातून शिकार केली होती का? मी फिरवीन पंखा."

मी त्यांच्याकडे पाहिले. ९४ किलोंचा हा माणूस पंखा फिरवून चटकन मागे कसा सरणार, हा प्रश्न माझ्या तोंडावर आला होता. पण काही हिशेब तपासायचे नसतात. मी 'पंखा : बापूसाहेब' असे लिहिले आणि खाली सही घेतली.

नानाला हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, "विमान चालवणार कोण?"

"मी," मी म्हणालो.

"मग मी खालीच बरा."

पण तेव्हापासून नाना वहीत स्वतःच्या हाताने लिहू लागला. जुने विमान कसे बघावे यावर त्याने चार पाने लिहिली. ती पोरीसाठी स्थळ बघणाऱ्यांनीही वाचावीत अशी आहेत. रंगावर जाऊ नये, रंग कोणीही देतो. आधी लॉगबुक मागावे. ज्याचे लॉगबुक हरवले आहे, त्याचे काहीतरी मोडले आहे असे समजावे. कापड बोटाने दाबून बघावे, टणक लागले पाहिजे. कापडाखालची लोखंडी नळी बघावी, तीसुद्धा शेपटीकडची खालची. विमान शेपटी टेकून उभे राहते, पाणी तिकडे साठते आणि गंज आतून धरतो, बाहेरून दिसत नाही. पंखात लाकडाचे दांडे असतील तर चिरा बघाव्यात. इंजिन उघडून पुन्हा बांधल्यावर किती तास चालले ते विचारावे. आणि फार दिवस न उडता नुसते उभे राहिलेले विमान घेऊ नये. "चालून झिजतं त्याहून बसून जास्त खराब होतं," नानाने लिहिले होते, आणि त्याखाली, बहुधा आमच्यासाठी, 'माणसाचेही' असे जोडले होते.

तीन जागांचे जुने विमान नानानेच शोधून काढले. लेपर्ड मॉथ, १९३३ सालचे. वैमानिक पुढे आणि मागे शेजारी-शेजारी दोघे. १९८२ साली टाटांनी चालवले ते हेच. म्हणजे तिघे बसतात आणि चौथी जागाच नसल्यामुळे घरात शांतता राहते. आमच्यासाठीच बनवल्यासारखे विमान! फक्त ती साऱ्या जगासाठी मिळून सव्वाशे-दीडशेच बनवली होती, आणि आता त्यांतली जी मोजकी उरली आहेत त्यांना मालक विमान म्हणून नव्हे, दागिना म्हणून जपतात. मी त्या पानावर 'परवडणारे' या शब्दाखालच्या दोन रेघा पुन्हा एकदा गडद केल्या.

दरम्यान विमान-निधी साठत होता. दिवाळीपासून प्रत्येकी महिना हजार रुपये, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. मी हिशेब केला. या गतीने आम्हाला पुष्पक घेता येईल तेव्हा बापूसाहेब टाटांच्या पुष्कळ पुढे गेलेले असतील. डबा मध्ये ठेवून आम्ही तिघे गप्प बसलो. मग बापूसाहेबांनीच डबा उघडला.

ओझरहून बंगळूरची तीन तिकिटे निघाली. एका ओळीतल्या तीन जागा. खिडकी नानाला, पंखाच्या शेजारची, त्याने मागून घेतलेली. मध्ये बापूसाहेब, दोन्ही हात पोटावर घेऊन. विमान धावू लागल्यावर बापूसाहेबांनी डोळे मिटले आणि रामरक्षा सुरू केली. नाना पंखाकडे बघत होता. विमान वळले तेव्हा खाली ओझरची धावपट्टी आणि कारखान्याच्या शेडी दिसल्या.

"त्या पत्र्याखाली होतो मी," नाना काचेला बोट लावून म्हणाला. "वरून एवढंसंच दिसतं होय!"

मग बंगळूर येईपर्यंत तो काही बोलला नाही. उतरताना फ्लॅप बाहेर आले, तेव्हा मात्र त्याने मान हलवली. "आवाज जरा कोरडा आहे," तो म्हणाला. "पण रिव्हेटा बऱ्या मारल्यात."

वही अजून बंद केलेली नाही. बापूसाहेबांनी फराळाचा डबा सोडला नसला तरी चकल्या कमी केल्या आहेत. आता ते ९१ किलो आहेत. मी धुळ्याच्या आणि बारामतीच्या वैमानिक शाळांची फी विचारून ठेवली आहे. ती पाहून हिने मला साखरेचा डबा घेऊन वहिनींकडे पाठवले, म्हणजे दोन घरांत पुन्हा व्यवहार सुरू झाला. एवढे तरी आमच्या विमानाने साधले. तेव्हा वाचकांपैकी कोणाकडे एखादे जुने, निगुतीने वापरलेले, शेपटीकडून न गंजलेले लहान विमान पडून असेल, तर जरूर कळवावे. रंगावर आम्ही जात नाही. जागा मात्र तीन पाहिजेत.